सिग्माची चौथी रेघ

रेडिओवरून अक्षरांविषयी बोलायचं म्हणजे मोठी पंचाईत. फळा नाही, खडू नाही. तेव्हा थोडं काम तुम्हीच करा. इंग्रजी कॅपिटल 'एम' डोळ्यांसमोर आणा आणि त्याला डाव्या कुशीवर आडवा पाडा. झाला ग्रीकांचा सिग्मा, म्हणजे त्यांचा 'स'. चार रेघा. आता सगळ्यात खालची रेघ पुसून टाका. उरली ती वीज चमकल्यासारखी तीन रेघांची वाकडी आकृती. तोही सिग्माच, पण जुना.

या एका रेघेवरून इतिहासकारांमध्ये तीस वर्षं भांडण चाललं होतं. आणि ते मिटेपर्यंत अथेन्समधला एक महत्त्वाचा करार तब्बल चाळीस वर्षांनी पुढे सरकला.

पण त्याआधी ही अक्षरं आली कुठून ते पाहू. ग्रीक लोक पूर्वी एकदा लिहायला शिकले होते आणि विसरले होते. क्रीट बेटावर आणि ग्रीसमधल्या राजवाड्यांत मातीच्या पाट्यांवर कोठारांचे हिशेब लिहिलेले सापडले. ती लिपी १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस या तरुण इंग्रज वास्तुविशारदाने उलगडली, आणि आतली भाषा निघाली ग्रीक! इसवी सनापूर्वी १२००च्या सुमारास ते राजवाडे जळाले आणि त्यांच्याबरोबर ती लिपीही गेली. हिशेब लिहिणारे कारकून गेले, की लिहिण्याची गरजही गेली. पुढची काही शतकं ग्रीकांना अक्षरओळख नव्हती.

दुसऱ्यांदा ते शिकले फिनिशियन व्यापाऱ्यांकडून. हिरोडोटस ही गोष्ट मोकळेपणाने सांगतो. ग्रीक लोक अक्षरांना 'फिनिशियन वस्तू' म्हणत, असंही तो नोंदवतो. फिनिशियन लिपीत बावीस अक्षरं, सगळी व्यंजनं. स्वर वाचणाऱ्याने आपल्या अकलेने भरायचे. आपल्याकडे 'कमल', 'कोमल' आणि 'कमाल' हे तिन्ही शब्द नुसते 'क-म-ल' असे लिहिले तर काय होईल, तसं. फिनिशियन भाषेच्या घडणीमुळे त्यांचं भागत असे. ग्रीक भाषेत मात्र शब्दच्या शब्द स्वरांवर उभे. मग ग्रीकांनी काय केलं? ज्या फिनिशियन अक्षरांचे उच्चार त्यांच्या तोंडी नव्हते, ती त्यांनी स्वरांसाठी राखली. 'आलेफ' या कंठातल्या व्यंजनाचा 'आल्फा' झाला, म्हणजे 'अ'. 'आयिन'चा 'ओ' झाला. आपल्याकडे स्वर व्यंजनाला मात्रा होऊन बिलगतो. ग्रीकांनी त्याला व्यंजनाच्या शेजारी बरोबरीची जागा दिली. एवढीच युक्ती, पण आज युरोपात जे काही लिहिलं जातं ते जवळजवळ सगळं तिच्यातूनच आलं आहे.

या नव्या अक्षरांत पहिल्यांदा काय लिहिलं गेलं असेल? राजाज्ञा, हिशेब, असं आपल्याला वाटेल. १८७१ साली अथेन्समध्ये मद्याची एक सुरई सापडली. इसवी सनापूर्वी सुमारे ७४० सालची. तिच्यावर उजवीकडून डावीकडे ओरखडून लिहिलं आहे, ते असं की सगळ्यांत जो हलक्या पावलांनी नाचेल, त्याच्यासाठी हे बक्षीस. पहिलं वाक्य छंदात, बिनचूक. पुढची अक्षरं मात्र गिचमिड. दुसऱ्या कुणा शिकाऊ हाताने ती घातली असावीत, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. नाचगाण्याची रात्र, भरलेली सुरई, आणि एक जण दुसऱ्याला अक्षरं शिकवतो आहे! मला हे चित्र फार आवडतं.

सुरुवातीला दिशेचाही आग्रह नव्हता. कधी उजवीकडून डावीकडे, कधी उलट, तर कधी दोन्ही. ओळ संपली की तिथूनच वळायचं आणि पुढची ओळ उलट्या दिशेने लिहायची. अक्षरांची तोंडंसुद्धा फिरवायची. या पद्धतीचं ग्रीक नाव 'बैल वळतो तसं' या अर्थाचं आहे. शेतकऱ्याच्या घरच्या माणसाला ते समजावून सांगावं लागणार नाही. तास संपलं की बैल पुन्हा पहिल्या टोकाला नेऊन कुणी नांगरत नाही. क्रीटमध्ये गोर्तिन इथे वारसा, विवाह, गुलाम यांविषयीचा मोठा कायदा भिंतीवर कोरलेला आहे, सहाशेच्या आसपास ओळींचा, तो संपूर्ण असा नांगरलेला. आंध्रातल्या येर्रागुडीच्या अशोकलेखातही काही ओळी याच तऱ्हेने वळतात.

अक्षरांची रूपंही गावोगाव निराळी होती. त्यामुळे लेख कुठला, हे अक्षरांवरून बऱ्यापैकी सांगता येतं. आणि रूपं काळानुसार बदलत गेली म्हणून लेख कधीचा, हेही. इथे सिग्मा येतो.

अथेन्सने इराणविरुद्ध मित्रशहरांचा संघ उभारला. शहरं दरवर्षी वर्गणी देत. इसवी सनापूर्वी ४५४ साली संघाचा खजिना डेलोस बेटावरून अथेन्सला आला, आणि तेव्हापासून वर्गणीचा साठावा हिस्सा अथीना देवीला वाहून त्याची यादी दरवर्षी संगमरवरावर कोरली जाऊ लागली. अभ्यासकांना असं घबाड क्वचित मिळतं: वर्षावर्षाचे, ओळीने लागलेले लेख. त्यांवरून दिसलं की ४४६च्या सुमारास तीन रेघांचा सिग्मा संपतो आणि पुढे चार रेघांचा चालतो. मग नियमच झाला. तारीख नसलेल्या लेखात तीन रेघांचा सिग्मा दिसला की तो ४४६च्या आधीचा.

नियम सोयीचा होता. पण त्याचा परिणाम दूरवर गेला. मित्रशहरांना जरबेत ठेवणारे काही हुकूम याच अक्षरांत होते. साम्राज्यातल्या सगळ्यांनी अथेन्सचीच नाणी, वजनं आणि मापं वापरावीत, हा त्यातला प्रसिद्ध हुकूम. त्याच्या कोस बेटावरच्या तुकड्यात तीन रेघांचा सिग्मा. म्हणजे तो ४४६च्या आधीचा. म्हणजे ही दांडगाई पेरिक्लीजच्या भरभराटीच्या काळातलीच, शांततेत, थंड डोक्याने केलेली. पाठ्यपुस्तकांतून हेच शिकवलं गेलं, आणि मीही वर्गात हेच शिकवलं.

१९६१ पासून हॅरल्ड मॅटिंग्ली नावाचे एक इंग्रज अभ्यासक याला हरकत घेऊ लागले. या हुकुमांची भाषा आणि त्यांतला दरारा युद्धकाळातला आहे, असं ते म्हणत. पेरिक्लीज ४२९ साली वारला. हे हुकूम त्याच्यानंतरच्या, लढाईने त्रासलेल्या आणि पैशाला टेकलेल्या अथेन्सचे आहेत. आणि सिग्मा? कोरणारे काय सगळे एकाच दिवशी चौथी रेघ शिकले? बहुतेक मातब्बर मंडळींनी त्यांचं म्हणणं उडवून लावलं. रसेल मेग्ज यांनी १९६६ साली अक्षरांची कोष्टकं मांडून जुना नियम पुन्हा पक्का केला. तरी मॅटिंग्ली हटले नाहीत.

माझं मन त्यांच्याकडे ओढ घेत होतं, त्याला एक घरगुती कारण आहे. तरुणपणी मी आमच्या भागातल्या एका बारवेवरचा लेख अक्षरांच्या वळणावरून यादवकाळातला ठरवला आणि तसं छापूनही टाकलं. पुढे गावकऱ्यांनी चुना खरवडला, तेव्हा खालची ओळ निघाली. तिच्यात शक होता, मी सांगितलेल्या काळापेक्षा दीडशे वर्षं अलीकडचा. पाथरवट जुन्या वळणाचा होता, एवढंच.

मॅटिंग्लींचा निकालही एका दगडावर लागला. सिसिली बेटावरच्या एजेस्टा शहराशी अथेन्सने केलेल्या कराराचा हा दगड, इतका झिजलेला की त्या वर्षीच्या मुख्य अधिकाऱ्याच्या नावातली शेवटची दोनच अक्षरं नीट लागतात: '-ओन'. अथेन्समध्ये वर्ष या अधिकाऱ्याच्या नावानेच ओळखत. सिग्मा तीन रेघांचा, म्हणून जुन्या पक्षाने ४५८ सालचा 'हाब्रोन' वाचला. मॅटिंग्ली म्हणाले, ४१८ सालचा 'अंतिफोन'ही चालेल की! मग मॉर्टिमर चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसर किरणांनी दगडाची छायाचित्रं घेतली, ती संगणकावर उजळून पाहिली आणि १९९० साली जाहीर केलं, की नाव अंतिफोनच आहे. थोडी कुरकुर झाली, दगड पुन्हा तपासला गेला. आज बहुतेक अभ्यासक हेच वाचन मानतात. म्हणजे तीन रेघांचा सिग्मा, ज्या वर्षी संपला म्हणत होते त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं कुणाच्या तरी छिन्नीत जिवंत होता.

चाळीस वर्षं इकडे की तिकडे, याने काय बिघडतं, असं वाटेल. थुसिडिडीजने सांगितलेली हकिकत आठवा. इसवी सनापूर्वी ४१५ साली एजेस्टाचे वकील अथेन्सला आले, साठ टॅलेंट चांदी घेऊन, साठ जहाजांचा महिन्याचा पगार म्हणून. आमच्याकडे असं पुष्कळ आहे, म्हणाले. त्याआधी पाहणीला गेलेल्या अथेन्सकरांना त्यांनी घरोघरी मेजवान्या दिल्या होत्या. प्रत्येक घरी सोन्या-चांदीचे पेले. पाहुण्यांना कळलं नाही, की शेजारच्या शहरांतूनही उसने आणलेले तेच पेले या घरातून त्या घरात फिरत होते! आरमार पोहोचलं तेव्हा खजिन्यात तीस टॅलेंट निघाले. दोन वर्षांनी ती मोहीम आरमारासकट, सेनापतींसकट बुडाली, आणि अथेन्स त्यातून पुरतं सावरलं नाही. करार ४५८ चा असेल तर हे वकील आजोबांच्या काळातला कागद दाखवत होते. ४१८ चा असेल तर ती तीन वर्षांपूर्वीची ताजी शपथ होती, आणि मदतीला हो म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांनी सभेत तिच्यासाठी हात वर केलेले असणार. लोभाची गोष्ट वचनाचीही होते.

नाण्यांचा हुकूमही आता बरेच जण ४२०च्या दशकातला किंवा त्याहून पुढचा मानतात. त्याची अचूक तारीख अजून वादात आहे.

आपल्याकडे शासनाने २००९ साली मराठी 'ल' आणि 'श' यांची रूपं ठरवून दिली. त्यानंतर रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या बघा. एकाच रस्त्यावर दोन्ही 'ल' सुखाने नांदताना दिसतील. दोन हजार वर्षांनी कुणी नुसत्या 'ल'वरून त्या पाट्यांची वर्षं लावायला बसला, तर त्याला माझी सहानुभूती.

२००६ साली मला अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात जायला मिळालं. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्याच इमारतीत एका अंगाला ते आहे. पुढच्या दालनांत सोन्याचे मुखवटे बघायला रांग, आणि इकडे तेरा हजारांहून अधिक लेख आणि आम्ही चार-पाच माणसं. एक मुलगी दगडाचा ठसा घेत होती. आपल्याकडे ठशाला शाई लावतात, तिथे लावत नाहीत. जाड ओला कागद ब्रशने ठोकून अक्षरांत बसवतात आणि वाळला की सोलून काढतात. मागच्या बाजूने अक्षरं फुगून वर येतात, बोटाने वाचावीत अशी.

एजेस्टाच्या दगडासमोर मी बराच वेळ उभा होतो. मान तिरपी करून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. 'ओन' दिसलं. त्याच्या आधी, खरं सांगतो, मला काही दिसलं नाही.