नगरच्या हातून निसटलेली टेकडी : कोर्लई गाव आणि त्याची बोली

श्रोतेहो, आपला जिल्हा पावसाकडे डोळे लावून बसणारा. सीना, प्रवरा, मुळा, गोदावरी ही आपल्या पाण्याची नावे. समुद्र आपल्याला दिसतो तो शाळेची सहल कोकणात गेली तर. पण एके काळी याच नगरच्या राज्याला समुद्रकिनारा होता, भरभराटीचे बंदर होते आणि त्या बंदरासाठी नगरच्या सैन्याने रक्तही सांडले होते. त्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावाची आज आपणांस ओळख करून द्यायची आहे. गावाचे नाव कोर्लई.

अलिबागहून मुरूडकडे जाताना वाटेत चौल लागते, मग रेवदंडा. तेथे कुंडलिका नदी समुद्राला मिळते. खाडी ओलांडली की दक्षिण तीरावर समुद्रात घुसलेली एक उंच, अरुंद टेकडी दिसते. टेकडीवर किल्ला आणि पायथ्याशी गाव. हे झाले कोर्लई. नकाशात पाहिले तर जागेचे महत्त्व लगेच ध्यानात येते. ही टेकडी ज्याच्या हाती, त्याच्या हाती खाडीचे तोंड. आणि खाडीचे तोंड ज्याच्या हाती, त्याच्या परवानगीवाचून चौलच्या बंदरात गलबत शिरायचे नाही.

आता आपल्या नगरचा येथे संबंध काय? मलिक अहमदने १४९० साली निजामशाहीचा पाया घातला आणि १४९४ च्या सुमारास सीनेच्या काठी नगर शहर वसवायला घेतले. त्याच्या राज्याचे समुद्राकडचे दार म्हणजे चौल. परदेशी माल येथे उतरायचा आणि सह्याद्रीचे घाट चढून देशावर यायचा. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास याच चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. म्हणजे वाट मळलेली होती. निजामशहाला ती आयतीच मिळाली.

पुढे पोर्तुगीज आले. १५०८ मध्ये चौलच्या पाण्यात मोठी लढाई झाली. इजिप्त आणि गुजरात यांच्या आरमारांनी पोर्तुगीजांना हरवले. त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा तेथे मारला गेला. तरी ते हटले नाहीत. १५२१ मध्ये निजामशहाच्या संमतीने त्यांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. दोघांचे संबंध नेहमीच वैराचे होते असे मात्र समजू नका. गार्सिया द ओर्ता हा गोव्याचा नामांकित पोर्तुगीज वैद्य, औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली छापला गेला. तो पहिल्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करण्यासाठी नगरला येत असे. व्यापार चालू, वैद्यकी चालू आणि मनात मात्र एकमेकांविषयी संशय, असा तो शेजार होता.

हा संशय अखेर भडकला. १५७० साली मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला. कित्येक महिने झुंज चालली. पण पोर्तुगीजांना समुद्रमार्गे कुमक मिळत राहिली आणि १५७१ मध्ये तह करावा लागला. नगरचे सैन्य जमिनीवर बलवान होते, पाण्यावर नव्हते, हे तेव्हा उघड झाले. म्हणून दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने निराळा डाव टाकला. समोरच्या कोर्लईच्या टेकडीवर त्याने किल्ला बांधायला घेतला, म्हणजे खाडीचेच नाक दाबता येईल! डाव चांगला होता, पण तडीस गेला नाही. १५९४ साली पोर्तुगीजांनी हल्ला करून तीच टेकडी जिंकून घेतली. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण वारला, दरबारात फाटाफूट झाली आणि डिसेंबर १५९५ मध्ये मोगलांचा वेढा खुद्द नगरला पडला. चांदबिबीने तो वेढा कसा झुंजवला, हे आपल्या जिल्ह्यातल्या पोराबाळांनाही ठाऊक आहे. पण त्या संकटाच्या आदल्याच वर्षी आपण समुद्राचे नाक गमावले होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे कोर्लई पोर्तुगीजांकडे राहिली. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा घातला होता. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता कोसळली. १७४० च्या तहाने चौल-कोर्लईचा मुलूख मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज अधिकारी आणि शिपाई निघून गेले.

आणि येथूनच, मंडळी, खऱ्या नवलाची गोष्ट सुरू होते. राज्यकर्ते गेले, पण त्यांच्या भाषेपासून जन्मलेली एक बोली गडाच्या पायथ्याशी राहिली. आज पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी कोर्लईतली ख्रिस्ती कुटुंबे घरात ती बोली बोलतात. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. बाहेरचे लोक क्रिस्ती म्हणतात. बोलणारे फार तर हजाराच्या आसपास. ही माणसे कोणी गोरे साहेब नव्हेत. त्यांचे पूर्वज बव्हंशी इथलेच, धर्मांतर केलेले गरीब लोक. आपल्यासारखेच दिसणारे, भातशेती आणि भाजीपाला करणारे, मजुरी करणारे. शेजारी कोळ्यांची वस्ती, होड्या, वाळत घातलेली मासळी. चर्चची घंटा आणि देवळाची घंटा एकाच वाऱ्यावर ऐकू येते.

या बोलीची घडण मोठी गमतीची आहे. पोर्तुगीज माणूस वाक्यात क्रियापद आधी आणि कर्म नंतर ठेवतो. ‘मी खातो भात’ असा त्याचा क्रम. कोर्लईचा माणूस शब्द पोर्तुगीजमधून आलेले वापरतो, पण वाक्य जुळवतो आपल्यासारखे, ‘मी भात खातो’ या क्रमाने. विटा पोर्तुगालच्या आणि बांधणी मराठी! आणि आपण तरी या देवघेवीतून सुटलो आहोत का? बटाटा, पाव, चावी, साबण, बालदी, घमेले, मिस्त्री, पगार हे सारे शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आले. नगरच्या बाजार समितीत कांद्याचा ‘लिलाव’ पुकारला जातो, तो शब्दही त्यांचाच.

वसई, साष्टी, मुंबई येथेही अशा बोली होत्या. त्या विरून गेल्या. मग कोर्लईचीच का टिकली? अभ्यासक कारणे देतात ती साधी आहेत. चोहोबाजूंनी निराळ्या धर्माची वस्ती, त्यामुळे लग्नकार्ये आणि बैठकउठक आपसांत. खाडीमुळे वाट अडलेली. आणि चर्चमध्ये पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू, त्यामुळे प्रार्थनेची भाषा कानांवर राही. हे आधार एकेक करून ढिले झाले. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनची दुसरी परिषद भरली. तिच्यानंतर जागोजागी लोकभाषेत उपासना होऊ लागली, आणि कोर्लईची लोकभाषा ठरली मराठी. पुढे खाडीवर पूल झाला, मोटारी आल्या, तरुण मंडळी नोकरीसाठी मुंबईला जाऊ लागली. मुले मराठी शाळेत शिकतात. यांत वाईट काहीच नाही. पूल नको, शाळा नको, असे कोर्लईच्या आईबापांना कोण सांगणार? पण बोलीला लिखित वाङ्मयाचा आधार नाही. ती केवळ आजीच्या तोंडून नातवाच्या कानात जाते. एका पिढीने बोलणे सोडले की ती संपली. वसईत तसेच झाले.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रश्न केवळ कोर्लईचा नाही. आपल्या अकोले तालुक्यातील डोंगरात ठाकर आणि महादेव कोळी समाजाची मुले घरची बोली घेऊन शाळेत येतात. भिल्ल, पारधी, कैकाडी घरांतली मुले येतात. त्यांचा एखादा शब्द वर्गाला हसू आणतो आणि ते पोर पुन्हा तोंड उघडत नाही. प्रमाण मराठी त्याला शिकवलीच पाहिजे, त्याचे पुढचे दिवस तिच्यावर अवलंबून आहेत. मात्र त्यासाठी घरची बोली टाकून द्यावी लागत नाही. ‘तुझ्या घरी याला काय म्हणतात?’ एवढा प्रश्न वर्गात विचारावा. मिळालेला शब्द फळ्यावर प्रमाण शब्दाच्या शेजारी लिहावा. वर्षअखेर एक वही भरेल, आणि ज्याला बोलायची लाज वाटत होती तोच मुलगा इतरांना शिकवू लागेल.

सहल मुरूडला जाईल तेव्हा जंजिरा जरूर दाखवा. पण वाटेत कोर्लईला घटकाभर उतरा. टेकडीवरचा कोट दाखवून मुलांना सांगा की येथला डाव पहिल्यांदा नगरने मांडला होता. मग गावात शिरताना त्यांना कान उघडे ठेवायला सांगा.