रात्रीच्या पावसाचे साक्षीदार

२६ नोव्हेंबर १७०३ ची रात्र, वार शुक्रवार. डॅनिएल डेफोने लंडनमधील आपल्या वायुभारमापकाकडे पाहिले, तेव्हा पारा इतका खाली उतरला होता की मुलांनी नळीशी काही खेळ केला असावा असे त्याला वाटले. मुलांनी काहीही केलेले नव्हते. मध्यरात्रीनंतर जे वादळ आले त्याची तुलना ब्रिटिश बेटांच्या लिखित इतिहासात आजही क्वचितच दुसऱ्या वादळाशी होते. (तारीख जुन्या इंग्रजी पंचांगाची, आजच्या गणनेने ती ७ डिसेंबर ठरते. ऋतूच्या चर्चेत हे अकरा दिवस विसरून चालत नाही.) एडिस्टनचा दीपस्तंभ त्याचा निर्माता हेन्री विन्स्टन्ली याच्यासह समुद्रात गेला. बाथ आणि वेल्सचे बिशप किडर आणि त्यांच्या पत्नी धुराड्याच्या कोसळत्या विटांखाली बिछान्यातच मृत्यू पावले. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या छपरावरचे शिशाचे पत्रे कागदासारखे गुंडाळले गेले. बुडालेल्या खलाशांचा डेफोचा अंदाज आठ हजारांचा आहे. केंटमध्ये त्याने उन्मळलेली झाडे मोजायला घेतली आणि सतरा हजारांपर्यंत येऊन नाद सोडला.

मोजायला घेणे आणि मग नाद सोडणे, आमच्या मते डेफोच्या १७०४ च्या ‘द स्टॉर्म’ या पुस्तकाचा सगळा जीव या दोन क्रियांत आहे. आपल्याकडे इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यासक्रम ‘रॉबिन्सन क्रूसो’पासून सुरू होतो आणि हे पुस्तक फार तर तळटीपेत येते. म्हणून त्याच्या जन्मकथेवर थोडे थांबावेसे वाटते. डेफो नुकताच न्यूगेटच्या तुरुंगातून सुटला होता. उपरोधिक पुस्तिका लिहिल्याबद्दल त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्याला खोड्यात उभे करण्यात आले होते. दिवाळे वाजलेला, बदनाम असा हा माणूस वादळानंतर आठवडाभराच्या आत वृत्तपत्रांत जाहिरात देतो की, ज्यांनी ज्यांनी काही पाहिले असेल त्यांनी, विशेषतः गावोगावच्या धर्मोपदेशकांनी, आपला वृत्तान्त लिहून पाठवावा. पत्रे आली. त्यांतील सुमारे साठ त्याने छापली, बरीचशी पाठवणाऱ्याच्या नावागावासह. कोणी पवनचक्की घर्षणाने पेटल्याचे लिहितो. कोणी सांगतो की समुद्रापासून कित्येक मैल आत कुंपणांच्या पानांवर मीठ बसले होते. लंडनात कौलांचा भाव हजारी एकवीस शिलिंगांवरून सहा पौंडांवर गेल्याची नोंद डेफो स्वतः करतो. व्यापारी डेफोला ती सुचावी यात नवल नाही.

या पुस्तकाची प्रस्तावना आम्हांला फार महत्त्वाची वाटते. प्रवचन करणारा मूठभरांशी बोलतो, छापणारा साऱ्या जगाशी, असे तो तिथे म्हणतो. प्रवचनकार चुकला तर थोड्यांचे नुकसान होते. ग्रंथकार खोटे छापतो तेव्हा मात्र आपली मुले आणि त्यांची मुले तेच खोटे पुढे सांगत राहतात. म्हणून ज्या गोष्टीला साक्ष नाही ती साक्षीशिवायची म्हणूनच सांगितली पाहिजे. हा उपदेश करणाऱ्या माणसाने पंधरा वर्षांनी एका कल्पित खलाशाचे चरित्र ‘त्याने स्वतःच लिहिलेले’ म्हणून छापले, आणि १७२२ मध्ये प्लेगच्या वर्षाची एक रोजनिशी अशा साक्षीदाराच्या तोंडी घातली की लोक दीर्घकाळ तिला अस्सल समजत राहिले. यात नुसता ढोंगीपणा पाहणे सोपे आहे. आम्हांला वाटते की खरी साक्ष कशी बोलते हे डेफो त्या साठ पत्रांमधून शिकला. साक्षीदार ‘असे वाटले’ म्हणून अडखळतो, आकडा देतो आणि लगेच त्याबद्दल शंका घेतो, मोठ्या संकटात कौलांचा भाव लक्षात ठेवतो. कादंबरीच्या वास्तववादाची मुळे शोधणाऱ्यांनी या पत्रव्यवहाराकडे पुन्हा पाहायला हवे. याउलट ॲडिसनने ब्लेनहाइमच्या विजयावर लिहिलेल्या दीर्घकवितेत हेच वादळ देवदूताच्या आज्ञेत वागते आणि मार्लबरोच्या सेनापतित्वाची उपमा होऊन जाते. त्या काळी वाहवा ॲडिसनला मिळाली.

डेफोच्या पत्रलेखकांत एक जण बाकीच्यांहून निराळा आहे, एसेक्समधील अपमिन्स्टरचा धर्मोपदेशक विल्यम डेरहॅम. चर्चच्या मनोऱ्यावरून दूरच्या तोफांचा उजेड आणि आवाज यांतील अंतर मोजून ध्वनीचा वेग काढणारा हाच तो डेरहॅम. घाबरलेल्या माणसांच्या पत्रांमध्ये त्याचे पत्र येते आणि त्यात एकदम कोष्टक दिसते: त्या वर्षी अपमिन्स्टरला किती पाऊस पडला आणि दूर उत्तरेला, लँकशरमधील टाउनली येथे किती. पावसाचे माप पौंडांत आहे, कारण हे लोक पाऊस तोलत. वादळ समजून घ्यायचे तर आधीच्या महिन्यांचा पाऊस ठाऊक हवा, ही दृष्टी त्या कोष्टकामागे आहे.

टाउनलीचा तो निरीक्षक म्हणजे रिचर्ड टाउनली. जानेवारी १६७७ पासून तो पाऊस मोजत होता. छपरावर नरसाळे, त्याला जोडलेली शिशाची नळी आणि नळीचे दुसरे टोक थेट त्याच्या खोलीत. रात्री पाऊस लागला तरी बाहेर जायला नको. उठायचे, भांडे तोलायचे, आकडा लिहायचा. हौसेखातर रात्रीचा पाऊस टिपणाऱ्यांचा जो पंथ पुढे ब्रिटनभर पसरला, त्याचे चित्र आमच्या डोळ्यांपुढे असेच उभे राहते: अंधार, छपरावरचा आवाज आणि नळीतून थेंब थेंब उतरणारा पुरावा.

पाऊस मोजणे ही युरोपची मिरास नाही, हे इथे सांगायलाच हवे. कोरियात पंधराव्या शतकात राजा सेजोंगच्या काळी ठरावीक मापाची पर्जन्यपात्रे गावोगाव बसवली गेली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापुढे पात्र ठेवून पाऊस द्रोणांत मोजायला सांगितले आहे आणि प्रदेशवार प्रमाणेही दिली आहेत. अश्मक आणि अवंती यांना आकडे आहेत, पण अपरान्त, म्हणजे आपले कोकण, आला की तो काटेकोर ग्रंथ हात टेकतो आणि तेथील पावसाला ‘अमित’ म्हणतो. मात्र ही मोजणी करवसुलीच्या आणि पेरणीच्या कामाची होती. ज्याला कोणी विचारलेले नाही, पगार दिलेला नाही, अशा माणसाने आयुष्यभर मोजत राहावे, हा प्रकार वेगळा. हस्त नक्षत्राचा पाऊस आपल्याकडे भोंडल्याच्या गाण्यांत आणि पाटावरच्या हत्तीत उतरला, तो रोजच्या आकड्यांत मात्र फारसा उतरला नाही. यात कमीअधिक काही आहे असे आम्ही म्हणत नाही. एकाच ऋतूची ही स्मरण ठेवण्याची दोन वळणे.

अणुसिद्धान्तामुळे प्रसिद्ध झालेला जॉन डाल्टन या पंथातला. १७८७ मध्ये त्याने हवामानाची नोंदवही सुरू केली आणि सत्तावन्न वर्षे ती चालवली. २७ जुलै १८४४ रोजी सकाळी तो वारला. आदल्या संध्याकाळी, थरथरत्या हाताने, त्याने त्या दिवशी थोडासा पाऊस झाल्याचे लिहून ठेवले होते.

हौशी माणसांच्या या उद्योगातून शास्त्राला काय मिळाले, असा प्रश्न येतो. एकच उदाहरण देतो. विल्यम हेबर्डन या वैद्याने १७६६-६७ च्या वर्षात तीन पर्जन्यमापके लावली: एक वेस्टमिन्स्टर ॲबीच्या मनोऱ्यावर, एक जवळच्या घराच्या छपरावर आणि एक त्या घराच्या बागेत. वर्षाअखेर बागेत साडेबावीस इंचांहून अधिक पाऊस भरला, छपरावर अठरा आणि मनोऱ्यावर केवळ बारा. आभाळ तेच, सर तीच. मग जमिनीजवळ येताना पावसाचा थेंब वाढतो की काय? जवळजवळ शंभर वर्षे विद्वान या कोड्याशी झुंजत होते. पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आलेल्या विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६१ मध्ये उत्तर दिले: उंचावर वारा जोराचा असतो, तो भांड्याच्या काठावरून उसळतो आणि थेंब आत पडण्याऐवजी पलीकडे नेतो. पाऊस कमी नव्हता, साक्षीदार चुकीच्या जागी उभा होता. साहित्याच्या विद्यार्थ्याला या वाक्यात निवेदकाचा सगळा प्रश्न दिसेल. आम्हांला तो दिसला.

साक्षीदारांना योग्य जागी उभे करण्याचे काम जॉर्ज जेम्स सायमन्स या लंडनच्या तरुणाने अंगावर घेतले. १८६० च्या पावसाचा त्याचा पहिला संग्रह १६८ ठिकाणांचा होता. सरकारी हवामान खात्यात तो ॲडमिरल फिट्झरॉयच्या हाताखाली नोकरीला होता. तीन वर्षांत ती नोकरी सुटली, पाऊस सुटला नाही. वृत्तपत्रांत पत्रे लिहून त्याने माणसे जमवली. धर्मोपदेशक, डॉक्टर, जमीनदार, शाळामास्तर, मोठ्या बागांचे माळी असे सगळे त्यात होते, आणि स्त्रियाही होत्या. त्यांची भांडी तपासण्यासाठी तो स्वतः हिंडला. १९०० मध्ये तो वारला तेव्हा निरीक्षकांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास पोचली होती. त्याची संघटना सरकारी खात्यात विलीन झाली ती १९१९ साली.

सायमन्सच्या शिस्तीतला एक नियम आम्हांला विशेष वाटतो. भांडे सकाळी नऊ वाजता पाहायचे आणि आकडा आदल्या दिवसाच्या नावे लिहायचा. चोवीस तासांतले पंधरा तास आदल्या दिवसाचेच असतात, तेव्हा हिशेब सरळ आहे. पण त्यामुळे पहाटे तीनला कोसळलेली सर कागदावर ‘काल’ पडते. कोणा कवीच्या पत्रातील वादळ आणि नोंदीतील पाऊस यांच्या तारखा एका दिवसाने हुकल्या, तर कवीला लबाड ठरवण्याआधी हा नियम आठवावा. चरित्रकारांकडून अशी घाई होण्याची शक्यता पुष्कळ.

पाऊस भांड्यात साठतो, विजेचे तसे नाही. तिला पाहणारा जागाच असावा लागतो. १९२४ मध्ये हडर्सफील्डच्या मॉरिस बोवरने गडगडाटी वादळांची गणना करणारी संघटना काढली. वीज कुठे दिसली, गडगडाट केव्हा ऐकू आला, हे ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी कळवायचे आणि त्यावरून वादळाची रात्रीतली वाटचाल नकाशावर मांडायची. काहीही ऐकू आले नाही, हेही कळवण्याजोगेच, कारण नकाशावर वादळाची हद्द ‘नाही’ म्हणणाऱ्यांमुळेच आखता येते. १६ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे दक्षिण इंग्लंडवर आलेल्या वादळात दीड कोटी झाडे पडली. त्याविषयी लोक आजही बोलतात ते दूरचित्रवाणीवरील फसलेल्या अंदाजाबद्दल. त्या पहाटे उठून आपल्या वायुभारमापकाचा आकडा लिहिणाऱ्यांची आठवण कोण काढतो?

आता १८५२ कडे वळतो, कारण तिथे आमची स्वतःची एक समजूत दुरुस्त झाली. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’चा आरंभ नोव्हेंबरातल्या लंडनच्या चिखलाने आणि धुक्याने होतो, आणि दुसऱ्याच प्रकरणात लिंकनशरचा न थांबणारा पाऊस येतो. त्या वर्षीचा नोव्हेंबर खरोखरच भयंकर होता. दक्षिण इंग्लंडच्या मोठ्या भागात त्याहून ओला महिना नोंदीत नाही. टेम्सच्या त्या पुराला वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाव मिळाले, कारण १८ नोव्हेंबरला त्याची अंत्ययात्रा निघाली होती. हे दोन धागे जोडण्याचा मोह आम्हांला अनावर झाला होता आणि वर्गात आम्ही ते जोडलेही. पण कादंबरीचा पहिला हप्ता मार्च १८५२ चा आहे. डिकन्सचा नोव्हेंबर आधी छापला गेला, पूर मागून आला. विद्यार्थ्यांना हे पुन्हा सांगावे लागले, थोडे ओशाळून.

१८५२ चे आकडे इतक्या खात्रीने आज सांगता येतात याचे श्रेयही हौशी माणसांकडेच जाते. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या दप्तरात १६७७ ते १९६० पर्यंतच्या पावसाचे सुमारे पासष्ट हजार हस्तलिखित तक्ते पडून होते. २०२० च्या वसंतात महासाथीमुळे माणसे घरात अडकली, तेव्हा रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी हे तक्ते उतरवून देण्याचे आवाहन केले. सोळा हजार स्वयंसेवकांनी सोळा दिवसांत बावन्न लाखांवर आकडे उतरवून दिले. डेफोची जाहिरात आणि हे आवाहन यांत तीनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. अनोळखी माणसाच्या साक्षीवर टाकलेला विश्वास तोच आहे.

त्या तक्त्यांच्या समासात माणसे भेटतात. लेडी बेनिंग नावाची एक बाई १८३५ ते १८८७ पर्यंत पाऊस मोजत राहिली. लंडनमधला मेजवान्यांचा हंगाम आला की नॉरफोकहून निघताना ती पर्जन्यमापक बरोबर घेई. कुठे महिना कोरा आहे आणि कोरा का, तेही लिहिले आहे: भांडे चोरीला गेले, भांड्यावरून गवत कापण्याचे यंत्र गेले, तट्टाने धक्का मारला, आत बदके राहायला आली.