कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात?

बडनेऱ्यावरून जी.आय.पी. रेल्वे धावायची, तेव्हा त्या रेल्वेतले अस्पृश्य कामगार बहुतेक गँगमन म्हणूनच राबत. त्यांच्याच मनमाड परिषदेत फेब्रुवारी 1938 मध्ये बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. 1942 ते 1946 ते मजूरमंत्री होते.

1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 24 ने यंत्राची वीज तोडण्याची सोय सक्तीची केली. पण चुकून चालू होऊ शकणारा स्विच बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची तरतूद 1976 च्या दुरुस्तीत आली. तब्बल 28 वर्षांनी!

आज दुरुस्तीसाठी यंत्रात हात घालणारा बऱ्याचदा कंत्राटी असतो, आपल्याच वस्तीतला. म्हणून मागणी एकच: कुलूप त्याचे, किल्लीही त्याच्याच खिशात, साहेबाच्या टेबलावर नाही.

जय भीम!