कर्ता गेला कोठे?

नांदेड-लातूरकडच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकविणाऱ्यापुढे एक अडचण दरवर्षी उभी राहते. ‘रामाने रावण मारला’ हे वाक्य मराठी व्याकरणात कर्मणी. पण त्याचे सरळ इंग्रजी होते ‘राम किल्ड रावण’, आणि ते तर ॲक्टिव्ह! विद्यार्थी गोंधळतात, ते रास्तच आहे. मराठी कर्मणीत क्रियापद कर्माप्रमाणे चालते, पण कर्ता ‘ने’ लावून वाक्यात उभा राहतो. इंग्रजी पॅसिव्हची रीत निराळी. कर्म पुढे आणावयाचे, ‘बी’चे योग्य रूप घेऊन क्रियापदाचे तिसरे रूप जोडावयाचे, आणि कर्ता ‘बाय’ लावून शेवटी ठेवावयाचा. तो गाळला तरी वाक्य पूर्णच. ‘मारला गेला’ ही त्याच धर्तीची मराठी रचना; व्याकरणात तिला नवीन कर्मणी म्हणतात.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. पुढे जे घडले ते आपण कसे वाचतो? घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. वाक्ये शुद्ध आहेत. जाळणारा, मारणारा तेवढा गैरहजर! ‘जमावाने जाळली’ म्हटल्यानेही फारसे साधत नाही. जमाव व्याकरणात कर्ता असतो, पण त्याला ना नाव, ना गाव, ना जात.

‘नामांतर झाले’ हेही असेच वाक्य. १४ जानेवारी १९९४ चा दिवस आपोआप उगवला नाही. त्यामागे सोळा वर्षांचे मोर्चे होते, तुरुंगवास होता, १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी केलेले आत्मदहन होते. अन्याय करणाऱ्याबरोबर लढणाऱ्यालाही आपण वाक्यातून गाळतो.

दोष पॅसिव्हचा नव्हे. घटनेचे सतरावे कलम इंग्रजीत पॅसिव्हमध्येच अस्पृश्यता नष्ट झाल्याचे सांगते. पण तेथे कर्ता लपलेला नाही. उद्देशिकेने तो आधीच सांगून ठेवला आहे : भारताचे लोक.

१९७८ पाहिलेली माणसे आज म्हातारी झाली आहेत. त्यांच्या बोलण्यात ‘ने’ अजून शाबूत आहे : अमक्याने जाळले, तमक्याने रात्री दार उघडून आम्हांला आत घेतले. ही वाक्ये, त्यांतल्या नावांसकट, पडताळून लिहून ठेवणे हे आपल्या पिढीचे काम आहे.