मुलांच्या हातून गुन्हा करविणारा सूत्रधार कायद्याच्या कक्षेत

लहान मुलाला पुढे करून स्वतः नामानिराळे राहण्याची गुन्हेगारांची रीत जुनी आहे. कायद्यानेही ती पूर्वीच ओळखली होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेत यासंबंधीचे एक उदाहरणच दिले होते. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही. पण एखाद्याने अशा मुलाला चिथावून त्याच्याकडून कोणाचा जीव घेवविला, तर चिथावणारा फाशीपर्यंतच्या शिक्षेस पात्र ठरतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने हे तत्त्व कायम ठेवले आहे.

नव्या संहितेच्या कलम ९५ ने यापुढे पाऊल टाकले. अठरा वर्षांखालील मुलाला गुन्हा करण्यासाठी कामावर ठेवणाऱ्यास किंवा गुंतविणाऱ्यास किमान तीन व कमाल दहा वर्षे कैद आणि दंड होतो. गुन्हा प्रत्यक्षात घडला, तर तो त्या प्रौढानेच केला असे समजून त्याची शिक्षाही त्याला भोगावी लागते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम ८३ नुसार अतिरेकी गटांत मुलांची भरती करणाऱ्यांना, तसेच बेकायदा कृत्यांसाठी मुलांना वापरणाऱ्या टोळ्यांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १९९६ मध्ये उघडकीस आलेल्या कोल्हापूरच्या गावित प्रकरणात चोऱ्यांसाठी आडोसा म्हणून लहान मुले पळविली जात आणि निरुपयोगी ठरताच त्यांना संपविले जाई. रेणुका शिंदे व सीमा गावित या बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. दयेच्या अर्जांवरील विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तिचे जन्मठेपेत रूपांतर केले.

मुलाला स्वतःच्या जिवावर उठविणाऱ्यासाठी कलम १०७ आहे. मुलाला आत्महत्येस प्रवृत्त करणाऱ्यास फाशी, जन्मठेप अथवा दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वीच्या संहितेत हेच कलम ३०५ होते. प्रौढाच्या बाबतीत कमाल शिक्षा दहा वर्षे कैदेची आहे, हा फरक ध्यानात घेण्याजोगा.

अडचण येते ती मूल वाचल्यास. कलम १०७ मृत्यूनंतरच लागू होते. स्वतःला इजा करून घेण्यास भाग पाडणे, असा स्वतंत्र गुन्हा संहितेत नाही. मुलाशी क्रौर्याने वागल्याबद्दलचे बाल न्याय अधिनियमातील कलम ७५ ज्याच्या ताब्यात वा देखरेखीखाली मूल आहे, त्यालाच लागू होते. इंटरनेटवरून धमकावणारा अनोळखी इसम त्यात सहज बसत नाही. मग पोलिसांना धाकदपटशाच्या कलम ३५१ चा आधार घ्यावा लागतो. रशियाने मात्र जून २०१७ मध्ये, 'ब्लू व्हेल'च्या चर्चेनंतर, अल्पवयीनांना जिवावर बेतणाऱ्या कृत्यांत ओढणे हा वेगळा गुन्हा ठरविला. भारतात त्याच वर्षी अशा दुवे काढून टाकण्याचे आदेश संकेतस्थळांना देण्यात आले. फौजदारी कायद्यातील ही फट २०२३ मध्ये नवी संहिता संमत होतानाही तशीच राहिली.

मुलांना पळवून भीक मागायला लावणाऱ्यांबाबत कायदा अधिक कठोर आहे. त्यासाठी मुलाला अपंग केल्यास कलम १३९ नुसार किमान वीस वर्षे कैद होते आणि ती आजन्मही असू शकते.