पियानो, पायपेटी आणि कीबोर्ड

मुलाचा प्रथम ख्रिस्तप्रसाद झाला, गळा बरा आहे असे चार जणांनी म्हटले, की घरात एक प्रश्न डोके वर काढतो : याला वाद्य कोणते घेऊन द्यावे? कोणी म्हणते, शिकायचेच तर पियानोवर शिकावे. कोणी जागेचा आणि पैशांचा हिशेब मांडून कीबोर्डकडे बोट दाखवते. वसई-मुंबईकडे सल्ला द्यायला शिक्षक आणि दुकानदार हाताशी असतात. यवतमाळ जिल्ह्यातील वणीसारख्या गावी मात्र हे उत्तर बहुधा घरालाच शोधावे लागते. शेवटी कीबोर्ड येतो, पण मनात एक सल ठेवून : आपण मुलाला खरे वाद्य दिले नाही. ही सल इतिहासाला कितपत धरून आहे, हे पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पियानोचा जन्म इटलीतील फ्लॉरेन्स येथला. तेथील मेदिची घराण्याच्या १७०० सालच्या वाद्यसूचीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने घडवलेल्या एका नव्या वाद्याची नोंद आहे. त्याचे वैशिष्ट्य हे, की पट्टीवर बोट हलके पडले तर सूर हलका आणि जोराने पडले तर सूर मोठा. तारेवर आदळून लगेच मागे येणाऱ्या छोट्या हातोडीने ही किमया साधली. क्रिस्तोफोरीचा १७२० सालचा पियानो आजही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

परंतु आपल्या वाचकांस नवल वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. ज्या वाद्याला आपण इतके प्रतिष्ठित मानतो, त्याला देवळाचे दार बंद होते! पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात देवळात पियानो वाजवण्यास स्पष्ट मनाई केली. ढोल-झांजांसारखी गोंगाटाची वाद्येही त्याच ओळीत बसवली. ख्रिस्तसभेच्या उपासनेचे मानाचे वाद्य होते ते नळ्यांचा ऑर्गन. पियानोचा सूर उमटला की विरू लागतो; ऑर्गनचा सूर पट्टी दाबून धरली असेतो टिकतो आणि शेकडो भाविकांचे गाणे पेलून धरतो.

नळ्यांचा ऑर्गन लहान गावाला परवडणारा नव्हता. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले आणि गरीब देवळांची सोय झाली. पायांनी भाता हलवायचा, दोन्ही हातांनी वाजवायचे. हीच आपली पायपेटी. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची सुटसुटीत पेटी घडवली आणि भारतीय बैठकीत मांडी घालून बसणाऱ्या वादकाला ती मानवली. मराठी रंगभूमीने ऑर्गन आणि पेटी दोन्ही आपलीशी केली. गोविंदराव टेंबे यांनी पेटीवादनाला मानाचे स्थान मिळवून दिले.

तरी पेटीलाही बोल लागलेच. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी होती. पेटीचे सूर ठरलेल्या जागी बसवलेले असतात, त्यांतून मींड निघत नाही, हा आक्षेप निराधार नव्हता. परंतु लोकांनी पेटी सोडली नाही, कारण ती त्यांच्या गाण्याला उपयोगी पडत होती.

द्वितीय व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक घटना जाहीर केली. तीत ऑर्गनचा मान कायम राखून, पवित्र कार्याला साजेशी इतर वाद्येही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्याची मुभा दिली. मराठी मिस्सागीतांसोबत पेटी-तबला देवळात आला तो या वाटेने. पुढे १९८० साली जपानच्या कॅसिओ कंपनीने पहिला कॅसिओटोन बाजारात आणला आणि यथावकाश कीबोर्ड आपल्या गायकवृंदात येऊन बसला. म्हणजे कीबोर्ड हा पियानोच्या गादीवर बसलेला तोतया नव्हे. देवळात तो पायपेटीचा वारस आहे.

मग पियानोला अर्थच नाही काय? आहे, आणि मोठा आहे; पण तो शिकण्यात आहे. हातोडीचे वजन बोटाला पेलावे लागते, म्हणून बोटे सशक्त होतात. डावा हात उजव्याइतकाच राबतो. हातपेटीवर डावा हात भात्यात अडकतो. कीबोर्डवर तो मोकळा असतो, परंतु यंत्रातील तयार ताल आणि साथ सुरू केली की पुन्हा निकामी होतो. मूल दोन बोटे टेकवते, यंत्र वाजवते आणि घरातले टाळ्या वाजवतात. खरी फसगत येथे आहे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय ठेवले आहेत, ते उगीच नव्हे.

आता वणीकडे वळू. उभ्या पियानोचे वजन दोनशे किलोंच्या घरात किंवा त्याहूनही अधिक. आत दोनशेहून जास्त तारा, त्यांचा एकत्रित ताण पंधरा टनांच्या वर. विदर्भातील मे महिन्याच्या कोरड्या उन्हाने लाकूड आकसते, आषाढात ते फुगते आणि पियानो सुरातून उतरतो. कोळशाच्या खाणींच्या या पट्ट्यात धूळही कमी नाही. वर्षातून निदान एकदा तारा लावायला जाणकार हवा. तो आणायचा तर दूरच्या शहरातून. सुरात नसलेल्या पियानोवर शिकणाऱ्या मुलाचा कानच बिघडतो. असा पियानो घरात असण्यापेक्षा नसलेला बरा.

म्हणून आमचे मत असे : आरंभी बोटाच्या जोराप्रमाणे लहान-मोठा सूर देणारा, पूर्ण आकाराच्या ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घ्यावा. पहिली दोन वर्षे तयार ताल-साथ बंद ठेवावी आणि दोन्ही हातांनी वाजवून घ्यावे. मूल टिकले, तर ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा. त्याला तारा नाहीत, म्हणून सुरात लावणेही नाही. वीज मात्र लागते, आणि ती गेली की ही यंत्रे मुकी होऊ शकतात. यासाठी देवळातली जुनी पेटी मोडीत काढू नये.

वाद्याचा मोठेपणा त्याच्या किमतीत नसून त्याने उचलून धरलेल्या गाण्यात असतो. रविवारच्या मिस्साबलीत मागच्या बाकावरची आजी ज्या सुराच्या आधाराने न चुकता गाऊ लागते, तो सूर देणारे मूल घडवणे हे आपले काम आहे.