फवारणी पंपाचे मापांकन : औषधाआधी पाण्याची चाचणी

कीटकनाशकाची शिफारस एकरी किंवा हेक्टरी असते. शेतात मात्र औषध टोपणाने, पंपामागे मोजले जाते. एकराला किती पंप लागतात हे ठाऊक नसेल, तर ही मात्रा निव्वळ अंदाज ठरते.

पंपात खुणेपर्यंत स्वच्छ पाणी भरून 10 मीटर लांब व 10 मीटर रुंद उभ्या पिकावर नेहमीच्या चालीने आणि दाबाने फवारावे. टाकी पुन्हा खुणेपर्यंत भरण्यास लागलेल्या पाण्याला 40 ने गुणले की एकरी पाणी मिळते. 5 लिटर लागल्यास एकरी 200 लिटर, म्हणजे 16 लिटरचे साडेबारा पंप; 100 मिलिलिटरची शिफारस असल्यास पंपाला 8 मिलिलिटर. पीक वाढले की चाचणी पुन्हा घ्यावी.

यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये कपाशीवरील फवारणीतून विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उंच पिकात फवारा चेहऱ्याच्या पातळीवर येतो. तेथे जादा दाब व बारीक तुषार अधिकच घातक.

कीटकनाशकासाठी पोकळ शंकूचे, तणनाशकासाठी चपट्या पंख्याचे नोझल वापरतात. नव्यापेक्षा 10 टक्के अधिक पाणी सोडणारे नोझल बदलावे. तुंबलेले नोझल तारेने कोरू नये, तोंडाने तर मुळीच फुंकू नये. मऊ ब्रशने धुवावे.